कोकणच्या कामकरी नौका : नावे आणि वर्गीकरण

सतराव्या शतकापासूनची मराठी कागदपत्रे, बखरी आणि किनाऱ्यावरची बोलभाषा यांतून नौकांची नावे वेचू लागले की एक भरघोस यादी हाती येते : गुराब, गलबत, तरांडे, तारू, शिबाड, पगार, महागिरी, पाल, मचवा, पडाव, बल्याव, फतेमारी, बतेला, कोटिया, डोणी, होडी, उलांडी. ही यादीही पुरी नव्हे. या शब्दांचे अर्थ पाहण्यासाठी कोश उघडणाऱ्या वाचकाला मात्र पुष्कळदा ‘एक प्रकारचे जहाज’ किंवा ‘एक प्रकारची नौका’ एवढ्यावरच समाधान मानावे लागते. कोणता प्रकार, हा प्रश्न तसाच उरतो. ज्यांना या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ होते ते तांडेल, खलाशी आणि नौका बांधणारे सुतार यांनी ते लिहून ठेवले नाही. लिहिण्याची त्यांना गरजही नव्हती. बंदरात शिरणाऱ्या नौकेचे शीड दिसताच ती कोणती, कोठली आणि काय घेऊन आली हे ते सांगू शकत. शब्दाचा अर्थ त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यावर तरंगत होता. नौका गेल्यावर शब्द तेवढे मागे राहिले.

ही हानी केवळ कोशाच्या रकान्यापुरती आहे असे समजणे चुकीचे ठरेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रातील आरमारविषयक प्रकरण हे याचे उत्तम उदाहरण होय. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या ग्रंथात गुराबा फार मोठ्या करू नयेत, तशाच फार लहानही करू नयेत, मध्यम प्रमाण साधावे, असा उपदेश आहे. वाऱ्यावाचून जे चालू शकत नाही असे अवाढव्य जहाज बांधून उपयोग नाही, हे त्यामागील कारण. पुढे एका सुभ्याची रचना पाच गुराबा आणि पंधरा गलबते अशी सांगितली आहे. गुराब म्हणजे जहाज आणि गलबत म्हणजेही जहाज, असे धरून हा मजकूर वाचला तर पाच आणि पंधरा या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही. दोन नावांमागे दोन भिन्न कामे आहेत हे ध्यानी आले, म्हणजे तो एक पूर्ण विचार आहे हे उमगते : पाच नौका तोफेचा भार वाहणार आणि पंधरा नौका वल्ह्यांच्या बळावर त्यांना हाताशी लागणार. राजनीतीच्या ग्रंथातील युद्धशास्त्र येथे दोन सामान्यनामांत साठवलेले आहे.

या दोन नौकांचे सर्वांत स्पष्ट वर्णन एका परकीयाने करून ठेवले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात गुराब आणि गलबत यांची मापे दिली आहेत. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोन आणि क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांहून अधिक नसे. लांबीच्या मानाने ती रुंद असून पुढे निमुळती होत जाई आणि तिचे तोंड भूमध्य सागरातील गॅलीप्रमाणे लांब पुढे आलेले असे. गलबताची घडण याच धर्तीची, परंतु ते क्वचितच ७० टनांपलीकडे जाई. त्याला चाळीस ते पन्नास वल्ही असत आणि ते ताशी चार मैल चाले. वारा पडला असता गलबतांनी गुराबेला दोरखंड लावून शत्रूवर ओढीत न्यावे, ही आंग्र्यांच्या आरमाराची ठरलेली रीत होती. आज्ञापत्रातील प्रमाणाचे मर्म या वर्णनाने उलगडते.

गुराब हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ कावळा असा आहे. मध्ययुगीन अरबी लेखनात तो वल्ह्यांनी चालणाऱ्या लढाऊ नौकेचा वाचक होता. कोकणात येईतो त्या शब्दाने आपले वल्हे टाकले आणि शिडाचा भार उचलला. तीच नौका इंग्रजांच्या कागदांत ‘ग्रॅब’ झाली. गलबताचा प्रवास याच्या उलट म्हणावा असा आहे. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात इंग्रजी ‘गॅलिव्हॅट’चा संबंध ‘गॅलिओट’ या युरोपीय कुळाशी जोडण्याचा विचार मांडला आहे. शब्दाचे कूळ काहीही असो, सतराव्या आणि अठराव्या शतकांत गलबत ही एक ठरावीक घडणीची, वल्ह्यांची चपळ नौका होती. आजच्या मराठीत मात्र गलबत म्हणजे शिडाचे कोणतेही मोठे जहाज. विशेषनामासारखा काटेकोर असलेला शब्द सामान्य झाला, आणि जुना मजकूर वाचताना नवा सैल अर्थ मागे नेऊन लावण्याची चूक सहज घडू लागली.

नौकांची विभागणी करताना लढाऊ आणि व्यापारी असे दोन ढीग प्रथम पाडण्याची पद्धत अभ्यासग्रंथांतून रूढ आहे. कोकणच्या संदर्भात ही पहिली पायरीच निसरडी आहे. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या आरमाराचे वर्णन करताना गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी नावे एका ओळीत येतात. यांतील शिबाड ही मुळात माल वाहणारी, रुंद पोटाची नौका आणि तारू हा तर कोणत्याही नौकेला लागू पडणारा शब्द. १६७९ मध्ये मराठ्यांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली तेव्हा त्यांना अडविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी जो काफिला उभा केला त्यात ‘रिव्हेंज’ या फ्रिगेटखेरीज गुराबा, शिबाडे आणि मचवेच होते. म्हणजे इंग्रजांनीही किनाऱ्यावरच्या कामकरी नौका हाताशी धरून त्यांवर तोफा आणि शिपाई चढविले. १८ ऑक्टोबर १६७९ च्या चकमकीत त्यांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. त्यानंतरही मराठ्यांच्या लहान नौका उथळ पाण्यातून, वारा नसताना, वल्ही मारीत बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या आणि मोठ्या शिडांच्या जहाजांना त्यांचा पाठलाग साधला नाही. या प्रसंगी जय ठरविला तो नौकेच्या बुडाने आणि वल्ह्यांनी. तीच नौका आठमाही मीठ, भात आणि लाकूड वाहत असेल, तर तिला लढाऊ म्हणावे की व्यापारी? किनाऱ्याच्या भाषेने हा प्रश्न विचारलाच नाही. ती नौकेला मचवा म्हणाली आणि कामाला लागली.

मग या नावांमागे कोणते तत्त्व होते? एकच तत्त्व शोधू गेल्यास निराशा पदरी येते. काही नावे कामावरून पडली. फतेमारी किंवा पत्तेमारी हे याचे ठळक उदाहरण. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने या शब्दाचे दोन अर्थ नोंदविले आहेत. एक, पायी टपाल नेणारा जासूद, आणि दुसरा, पश्चिम किनाऱ्यावरची तिरकस शिडांची वेगवान नौका. मूळ शब्द जासूदवाचक कोकणी शब्दाशी जोडला जातो. निरोप्याचे नाव निरोप नेणाऱ्या नौकेला मिळाले आणि कालांतराने तीच नौका तांदूळ, नारळ व कौले वाहू लागली तरी नाव टिकले. ‘फते’ या रूपात विजयाचा जो अर्थ कानाला जाणवतो तो लोकांनी मागाहून घातलेला असावा. काही नावे अवयवावरून आली. उलांडी म्हणजे नौकेच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी बांधलेला ओंडका, जो तिला कलंडू देत नाही. ज्या होडीला तो असतो ती होडीही उलांडीच. काही नावांपुढे गाव लागे. सातपाटीचा मचवा निराळा, वसई-वर्सोव्याचा निराळा, हे मासेमारीच्या क्षेत्रातील माणूस आजही जाणतो. मचवा या शब्दात मराठी कानाला मच्छ ऐकू येतो, तर पोर्तुगीजांच्या ‘मांचुआ’चा उगम यूल आणि बर्नेल मल्याळम ‘मंजी’त पाहतात. एका किनाऱ्यावर इतक्या भाषा वावरत असता शब्दाचे एकच घर शोधण्याचा हट्ट निष्फळ ठरतो.

घडणीचा भेद सर्वांत सूक्ष्म होता आणि तो सुताराच्या शब्दांतच सांगता येई. नौकेचा कणा म्हणजे पठाण, तिचे पुढचे उभे लाकूड म्हणजे नाळ, फासळ्या म्हणजे वाक, शीड ज्यावर ताणले जाते तो तिरपा लांब वासा म्हणजे परभाण. मुंबईच्या मचव्याची आणि फतेमारीची नाळ खूप पुढे झुकलेली असे, पठाणाला मध्यावर वर उचललेली कमान असे आणि तिचा पुढचा भाग पाण्यात खोल जाई. या घडणीमुळे नौका वाऱ्याच्या तोंडाशी चिकटून चाले आणि चटकन वळे. समुद्रावरून किनाऱ्याकडे आणि किनाऱ्यावरून समुद्राकडे आळीपाळीने वाहणाऱ्या वाऱ्यांवर सुरत ते मलबार ये-जा करणाऱ्या नौकेला हाच गुण लागतो. मचवा या तीन अक्षरांत वारा, पाणी आणि वाट यांचा असा हिशेब होता. तिच्या भाराचा हिशेब खंडीत सांगितला जाई. वीस मणांची एक खंडी आणि अमुक खंड्यांचे तारू, हीच बंदरातील आणि जकातीच्या नाक्यावरील भाषा होती.

लोकव्यवहाराच्या या अनेकपदरी नामकरणाशेजारी शास्त्राचे वर्गीकरण ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकांचे सामान्य आणि विशेष असे दोन वर्ग केले आहेत. सामान्य वर्गात क्षुद्रा, मध्यमा, भीमा, चपला इत्यादी दहा भेद, तर विशेष वर्गात दीर्घा आणि उन्नता असे दोन मुख्य भेद आहेत. भेदाचे गमक लांबी, रुंदी आणि उंची यांचे प्रमाण. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मध्ये ‘इंडियन शिपिंग’ या ग्रंथातून या वर्गीकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. व्यवस्था मोठी रेखीव आहे. परंतु यांतील भेदनावे कोकणच्या बंदरांतील व्यवहारात दिसत नाहीत. शास्त्राने मापे दिली, व्यवहाराने नावे दिली, आणि दोहोंची गाठ पडली नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाची रचनाही या दृष्टीने बोलकी आहे. रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेल्या या कोशात राजवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, दुर्गवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग आहेत, पण नौकांसाठी स्वतंत्र वर्ग नाही. ज्या राजाने कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधवून नवे आरमार उभारले, त्याच्याच काळातील कोशकाराला परंपरागत साच्यात समुद्रासाठी निराळे दालन उघडावेसे वाटले नाही. संतवाङ्मयातील नाव, तारू आणि सांगड ही रूपके भवसागर तरून जाण्यासाठी आली. त्यांना नौकेच्या घडणीशी कर्तव्य नव्हते आणि ते असण्याचे कारणही नव्हते. देशावर रुजलेल्या साहित्यपरंपरेत समुद्र फार काळ दूरच राहिला.

एकोणिसाव्या शतकात या नौकांचे वर्णन करण्याचे काम युरोपीयांनी अंगावर घेतले. त्रिंकोमालीच्या गोदीतील जॉन एडी याने १८३४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मलबार, कोरोमंडल आणि श्रीलंका येथील नौकांचे प्रकार वर्णिले. फ्रेंच नौसेनेतील पारी याने १८४० च्या दशकात युरोपाबाहेरच्या नौकाबांधणीवर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२० मध्ये मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय नौकांच्या घडणीचा उगम आणि तिचे मानववंशशास्त्रीय महत्त्व यांवर निबंध लिहिला. या अभ्यासकांचे ऋण मोठे आहे. त्यांच्या आराखड्यांवाचून आज फतेमारीची कमान कागदावर काढता आली नसती. तथापि युरोपीय नाविकांची सवय जहाजाला डोलकाठ्या आणि शिडे मोजून नाव देण्याची होती. ब्रिग, बार्क, स्कूनर, केच ही नावे शिडांच्या मांडणीची आहेत. अरबी समुद्रावर बहुतेक नौकांचे शीड एकाच तिरकस जातीचे. येथील नाविक ओळख पटविण्यासाठी नौकेच्या अंगाकडे पाहत. पिछाडी चौकोनी व नक्षीदार असेल तर बगला, दोन्ही टोके निमुळती असतील तर बूम. शिडाकडे पाहणाऱ्या परकीयाला या सर्व नौका एकसारख्या दिसल्या आणि त्याने सर्वांना मिळून ‘धाऊ’ म्हटले. मुंबई बंदराच्या कारभारात याचीच जोड म्हणून ‘कंट्री क्राफ्ट’ हा शब्द रुजला. देशी ती सारी एका टोपलीत, असा त्याचा अर्थ.

हा प्रश्न केवळ राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातील दृष्टिभेदाचा आहे असे मात्र नव्हे. खुद्द ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शिडाच्या कामकरी नौकांची नावे तितकीच अनियमित आहेत. ‘ड्रिफ्टर’ आणि ‘ट्रॉलर’ ही नावे जाळे टाकण्याच्या रीतीवरून, ‘लगर’ हे शिडावरून, तर ‘कोबल’ ही ईशान्य इंग्लंडच्या वाळूवरून लोटली जाणारी नौका तिच्या अंगलटीवरून ओळखली जाते. स्कॉटलंडची ‘फायफी’ फाइफ परगण्याची. त्याच किनाऱ्यावर १८७९ मध्ये बांधल्या गेलेल्या नव्या घडणीच्या नौकेला ‘झुलू’ हे नाव मिळाले, कारण त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी युद्ध चालू होते. नौकेचा त्या युद्धाशी काडीचाही संबंध नव्हता. तेथील अभ्यासकांनाही शिडावरून करावे, बुडावरून करावे की कामावरून करावे, हा वर्गीकरणाचा पेच सुटला नाही. फरक एवढाच की, तेथे नौका नाहीशा होण्यापूर्वी मोजणारे पोहोचले. १९३० च्या दशकात सोसायटी फॉर नॉटिकल रिसर्चने किनारी नौकांचे आराखडे काढवून घेतले. एडगर मार्च यांचा किनारी नौकांवरील ग्रंथ १९७० मध्ये आणि एरिक मॅक्की यांचा ‘वर्किंग बोट्स ऑफ ब्रिटन’ १९८३ मध्ये आला. मॅक्की यांनी नावांचा तिढा बाजूला ठेवून प्रत्येक नौकेला आकार आणि प्रयोजन यांविषयी प्रश्न विचारले. ती कोठे ठेवली जाते, कोणत्या पाण्यात चालते, काय वाहते, कशाने बांधली जाते, यांच्या उत्तरांतून तिचा आकार समजतो, हे त्यांनी दाखविले.

कोकणात असे प्रश्न विचारण्याची वेळ आली तेव्हा उत्तर देणारे पांगू लागले होते. कायद्याने आपल्या परीने सुलभीकरण केले होतेच. १८३८ च्या किनारी नौकांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नौकांवर क्रमांक आला आणि त्यांची वहनशक्ती नोंदली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात शिडाच्या नौकांसाठी स्वतंत्र भाग होता, पण त्यातील व्याख्या केवळ शिडांवर चालू शकेल इतके शीड असलेली कोणतीही नौका, मग तिला यंत्र असो वा नसो, अशी होती. वल्ह्यांची होडीही तिच्यातच समाविष्ट होती. कारभाराला एवढे पुरते. १९५० च्या दशकापासून मासेमारी नौकांवर यंत्रे बसू लागली आणि नौकेची ओळख यांत्रिक की बिगरयांत्रिक, ट्रॉलर की पर्ससीन, या प्रश्नावर येऊन ठरली. पठाणाला कमान हवी ती शिडासाठी. यंत्राला तिची गरज नसते. गरज सरली तशी कमान गेली, आणि कमान गेल्यावर तिच्यामुळे ओळखू येणाऱ्या नावाचा आधार गेला.

मराठीत या विषयावर आणि मराठी साधनांवर काम झालेच नाही असे नाही. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मध्ये मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात आरमाराचा परामर्श घेतला. शां. वि. आवळसकर यांनी ‘आंगरेकालीन अष्टागर’मधून किनाऱ्याचे समाजजीवन उभे केले. बी. के. आपटे यांनी १९७३ मध्ये मराठा आरमार आणि व्यापारी जहाजे यांचा एकत्र विचार केला, ही गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण त्यामुळे लढाऊ आणि व्यापारी ही कृत्रिम भिंत निदान ग्रंथाच्या शीर्षकात तरी ओलांडली गेली. तरीही इतिहासकाराची नजर स्वभावतः लढाईकडे, सेनापतीकडे आणि तहाकडे राहिली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. त्या आगीत जे जळाले ते कोणी, कोणत्या लाकडाचे, कोणत्या मापाने बांधले होते, हे विचारणारा वाचक दुर्मीळ. आज्ञापत्रकर्त्याला तो प्रश्न पडला होता. सागासारखे लाकूड राज्यातील अरण्यांतून परवान्याने तोडावे, उणे पडल्यास मोल देऊन आणावे, आंबा-फणसाची लाकडेही आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे तो बजावतो. गुराब हा शब्द त्याच्यापुढे आला तो झाड, रयत, सुतार आणि तोफ यांना बरोबर घेऊन.

म्हणून या नावांचा कोश करावयाचा झाल्यास त्यांना एका सूत्रात बसविण्याचा मोह टाळावा लागेल. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या शतकात, कोणत्या बंदरात, कोणत्या साधनात आले हे द्यावे लागेल. भार खंडीत सांगितला असेल तर खंडीतच नोंदवावा लागेल, आणि ऑर्मचे टन व सुताराचे हात यांची सरमिसळ करून चालणार नाही. एकाच नावाखाली दोन घडणी सापडल्या तर दोन्ही ठेवाव्या लागतील, कारण गुराब आणि फतेमारी यांच्या उदाहरणांवरून दिसते की नाव टिकते आणि नौका बदलते. सातपाटी, वर्सोवा, हर्णै, रत्नागिरी, मालवण येथील कोळी, भंडारी, खारवी आणि गाबीत वस्त्यांत नौकेच्या अवयवांचे शब्द अजून काही प्रमाणात बोलण्यात आहेत. ‘एक प्रकारची नौका’ या व्याख्येतील रिकामी जागा भरण्यासाठी इतिहासाच्या दफ्तराइतकीच त्यांचीही साक्ष काढावी लागेल. ती न काढता जुना मजकूर छापत राहिलो, तर आज्ञापत्रातील पाच आणि पंधरा हे आकडे तेवढे शुद्ध छापले जातील. ते कशाचे, हे सांगणारा कोणी उरणार नाही.